कॅट-५ई की कॅट-६? नेटवर्क केबल निवडताना आणि ओढताना

हातभर नेटवर्क केबल घ्या आणि तिचं एक टोक सोला. जॅकेटवर ब्लेड हलकेच गोल फिरवायचं, आतल्या तारांना ओरखडा जाऊ द्यायचा नाही, आणि जॅकेट ओढून काढायचं. आत आठ तारा दिसतील. त्या सुट्या नसतात. दोन-दोनच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारा सुतळीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी, आणि प्रत्येकीसोबत त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी.

आता पट्टी घेऊन एका इंचात निळ्या जोडीला किती वळसे आहेत ते मोजा. मग तपकिरीला मोजा. आकडे वेगळे येतील. या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, कारण कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए (कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलची श्रेणी) या नावांमागची बरीचशी कारागिरी या पिळात आहे. हा पीळ समजला की कुठली केबल कुठे वापरायची आणि ती कशी हाताळायची, हे पाठ करावं लागत नाही.

पीळ कशासाठी असतो

जोडीतल्या एका तारेतून सिग्नल सुलटा जातो आणि दुसरीतून तोच उलटा जातो. पलीकडचं यंत्र दोन्ही तारांमधला फरक मोजतं. वाटेत ट्यूबलाइटचा चोक, मोटर, विजेची वायर किंवा शेजारचीच दुसरी जोडी यांच्यामुळे गोंगाट शिरतो, पण तो दोन्ही तारांवर सारखाच पडला तर फरक काढताना आपोआप वजा होतो. तारा समांतर असत्या तर गोंगाटाजवळच्या तारेवर तो जास्त पडला असता आणि दूरच्या तारेवर कमी. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीनं जवळ येतात, हिशेब सारखा होतो. ही युक्ती संगणकांच्या फार आधीची आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी तिचं पेटंट १८८१ साली घेतलं.

चारही जोड्यांचा पीळ सारखाच असता तर शेजारच्या दोन जोड्यांतल्या त्याच त्याच तारा प्रत्येक वळशाला समोरासमोर आल्या असत्या आणि एकीचा सिग्नल दुसरीत झिरपला असता. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा ठेवतात. या झिरपण्याला क्रॉसटॉक म्हणतात. वरच्या श्रेणीच्या केबलमध्ये मुख्य झगडा त्याच्याशीच असतो.

आकड्यांचा अर्थ

प्रत्येक श्रेणीला मेगाहर्ट्झचा एक आकडा असतो. ती केबल किती वारंवारितेपर्यंत तपासलेली आहे, एवढंच तो सांगतो. मेगाहर्ट्झ म्हणजे वेग नव्हे. दुकानात ‘अडीचशेची केबल’ असं कानावर पडलं की इंटरनेट अडीचशेच्या वेगानं येईल, असा अनेकांचा समज होतो. तसं काही नसतं.

कॅट-३ ही १६ मेगाहर्ट्झची केबल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कार्यालयांत १० एमबीपीएससाठी ती चालायची. आज जुन्या इमारतीत सापडली तर फोनपुरती राहू द्या.

कॅट-५ ही १०० मेगाहर्ट्झची. तिच्यावर १०० एमबीपीएसचं नेटवर्क चालायचं आणि त्यासाठी चारपैकी दोनच जोड्या वापरात यायच्या. उरलेल्या दोन नुसत्या पडून असत. १९९९ साली तांब्याच्या तारांवरच्या गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, मानक आलं आणि चित्र बदललं. गिगाबिटमध्ये चारही जोड्या कामाला लागतात, प्रत्येकीवर २५० एमबीपीएस, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. आता एका जोडीत उरलेल्या तिन्ही जोड्यांतून मिळून किती झिरपतं, हे मोजणं भाग पडलं. कॅट-५मध्ये ही अट नव्हती. ती घालून जी सुधारित श्रेणी आली ती कॅट-५ई. मेगाहर्ट्झ तेच १००, पण कसोटी कडक. जुन्या कॅट-५वरही गिगाबिट पुष्कळदा चालून जातं, पण त्यावर विसंबून नवं काम करू नका.

कॅट-६ आली २००२ साली, २५० मेगाहर्ट्झची. हिचा पीळ जास्त घट्ट असतो, तार बहुधा जाड म्हणजे २३ गेजची असते (कॅट-५ईमध्ये २४ गेज; गेजचा आकडा लहान तितकी तार जाड), आणि पुष्कळ कंपन्यांच्या केबलमध्ये मधोमध अधिकच्या चिन्हासारखी प्लॅस्टिकची पट्टी असते. चार जोड्या चार खणांत बसतात, एकमेकींना चिकटत नाहीत. ही पट्टी नाही म्हणून केबल कॅट-६ नाही असं मात्र समजू नका. काही उत्पादक नुसत्या पिळावरही कसोटी पार करतात. कॅट-६वर १० गिगाबिटसुद्धा चालतं, पण शंभर मीटर नाही. परिस्थिती चांगली असेल तर ५५ मीटर, आणि केबलांचा जुडगा दाट बांधलेला असेल तर ३७ मीटरच्या आसपास.

असं का, याचं उत्तर कॅट-६एमध्ये आहे. १० गिगाबिटच्या वारंवारितेला केबलच्या आतल्या जोड्यांपेक्षा शेजारच्या केबलमधून येणारा गोंगाट जास्त त्रास देतो. एकाच पाइपात चोवीस केबल असतील तर प्रत्येक केबल तिच्या शेजारणींना ऐकत असते. ५०० मेगाहर्ट्झच्या कॅट-६एची कसोटी हा बाहेरचा क्रॉसटॉकही धरून आहे. म्हणूनच ती जाड आणि ताठ असते, आणि वळवताना हात दुखतो. तिचं मानक २००८चं, आणि पूर्ण १०० मीटरवर १० गिगाबिट हवं असेल तर हीच घ्यायची.

कॅट-७बद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. ही ६०० मेगाहर्ट्झची श्रेणी आंतरराष्ट्रीय मानकात आहे, अमेरिकी मानकानं ती स्वीकारलेली नाही, आणि त्या श्रेणीसाठी कनेक्टरही वेगळ्या प्रकारचे ठरवले आहेत. साध्या आरजे-४५ कनेक्टरची (नेहमीच्या नेटवर्क पोर्टात बसतो तो) जी ‘कॅट-७ पॅच कॉर्ड’, म्हणजे जॅकपासून यंत्रापर्यंतची तयार छोटी केबल, ऑनलाइन मिळते, तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. कॅट-८ २००० मेगाहर्ट्झची आहे, २५ आणि ४० गिगाबिटसाठी, आणि जेमतेम ३० मीटरपर्यंत. ती डेटा सेंटरच्या रॅकमधली वस्तू आहे, घरातली नाही.

मग घ्यायची कुठली

नवं घर, नवं कार्यालय, भिंतीत पाइप टाकलेले असतील तर शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. ओढायची मजुरी कॅट-५ईला जेवढी लागते तेवढीच लागते, आणि एकदा भिंतीत गेलेली केबल पुढची पंधरा-वीस वर्षं कुणी बदलत नाही. कॅट-६ए सर्व्हर रूमकडे जाणाऱ्या मुख्य धावांसाठी (धाव म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली केबल) किंवा व्हिडिओ संपादनासारखं अवजड काम असेल तिथे. २५ मिलिमीटरच्या पाइपात कॅट-६च्या चार केबल सुखानं जातात. कॅट-६एच्या तेवढ्याच घालायला गेलात तर तिसरीलाच जोर लावावा लागेल.

आणि जुनी कॅट-५ई आधीच टाकलेली असेल, नीट चालत असेल, तर ती उपसून काढू नका. २०१६ साली आलेल्या मानकानं कॅट-५ईवर अडीच गिगाबिट आणि कॅट-६वर ५ गिगाबिट पूर्ण शंभर मीटरपर्यंत चालवण्याची सोय केली आहे. नव्या वायफाय अॅक्सेस पॉइंटला तेवढं पुरतं.

अजून एक. श्रेणी ही केबलची एकटीची नसते, टोकापासून टोकापर्यंतच्या सगळ्या जोडणीची असते. केबल कॅट-६ आणि भिंतीतला जॅक कॅट-५ई असेल, तर ती सगळी धाव कॅट-५ई झाली. केबलवर पैसे घालून जॅक आणि पॅच कॉर्ड स्वस्तातले घेणं हा मला दिसणारा सगळ्यात सर्रास घोटाळा आहे.

तांबं आहे का, ते आधी बघा

इथे थोडं थांबायला हवं. बाजारात कॅट-६ छापलेल्या पुष्कळ खोक्यांत शुद्ध तांबं नसतं. आत अॅल्युमिनियमची तार असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा. याला सीसीए म्हणतात. दिसायला तांबंच. पण त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा तिचा रोध साधारण दीडपट असतो, ती ठिसूळ असते, दोन-तीनदा वाकवली की तुटते. श्रेणीच्या मानकांना तांब्याचीच तार लागते. त्यामुळे सीसीए केबलवर कॅट-६ छापलं असलं तरी ती कॅट-६ ठरत नाही.

सुरुवातीच्या काळात मी एका गोदामात कॅमेरे बसवले होते. केबल स्वस्त मिळाली म्हणून घेतली. दिवसा सगळं छान. संध्याकाळी अंधार पडला की लांबचे दोन कॅमेरे बंद व्हायचे, परत चालू व्हायचे, परत बंद. कॅमेरे बदलले, नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र जोडतात ते यंत्र) बदलला, दोन रात्री तिथे काढल्या. तिसऱ्या दिवशी एक तार सहज ब्लेडनं खरवडली आणि आतून चांदीसारखी पांढरी निघाली. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, जास्त वीज ओढतात. ती वीज याच केबलमधून जात होती आणि नव्वदेक मीटरच्या त्या तारेत एवढी वाया जायची की कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नसे. सगळी केबल काढून नवी ओढली तेव्हा प्रश्न मिटला.

नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याला पीओई म्हणतात. २००३च्या मानकात स्विचच्या टोकाला १५.४ वॉट होते, २००९मध्ये ३० झाले, २०१८मध्ये ९० वॉटपर्यंत गेले. एवढी वीज जायची तर तारेत तांबं किती आहे याला दुप्पट महत्त्व येतं. चोवीस सीसीए केबलांचा जुडगा उन्हाळ्यात पीओईवर चालवणं धोक्याचं आहे, कारण रोध जास्त म्हणजे तार तापणार.

परीक्षा सोपी आहे. टोकाची तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत पांढरं दिसलं की सीसीए. खोकं न उघडता पारखायचं असेल तर वजन बघा. २३ गेजची तार ०.५७ मिलिमीटर जाड असते. अशा आठ तारांचा छेद मिळून साधारण दोन चौरस मिलिमीटर होतो. पूर्ण खोकं ३०५ मीटरचं, म्हणजे हजार फुटांचं. एवढ्या लांबीत नुसतं तांबंच साडेपाच किलो भरतं. सीसीएत तेच दोन-सव्वादोन किलो. उरलेलं प्लॅस्टिक दोन्हींत जवळपास सारखंच, त्यामुळे खऱ्या खोक्याचं वजन सीसीएच्या खोक्यापेक्षा तीन किलोंहून जास्त भरतं. दोन खोकी दोन हातांत उचलली तरी कळतं.

गेजही वाचा. २६ गेजची तार ०.४० मिलिमीटर असते. ऐकायला फरक लहान वाटतो, पण छेद निम्मा होतो आणि रोध दुप्पट.

जॅकेटवर काय छापलंय तेही वाचायची सवय लावा: श्रेणी, गेज, मानकाचा क्रमांक, आणि दर मीटरला किंवा दर दोन फुटांना वाढत जाणारा आकडा. हा आकडा फार उपयोगाचा आहे, पुढे सांगतो.

शील्ड आणि जॅकेट

यूटीपी म्हणजे बिनशील्डची. घर, दुकान, साधं कार्यालय यांना हीच पुरते. एफटीपीत सगळ्या जोड्यांभोवती मिळून एक फॉइल असतं, एसएफटीपीत फॉइलवर जाळीही असते. मोठ्या मोटारी, त्यांचा वेग बदलणारे ड्राइव्ह किंवा वेल्डिंगची यंत्रं असलेल्या कारखान्यात शील्ड घ्या, पण तिचं अर्थिंग नीट झालं पाहिजे. शील्डचेच जॅक आणि पॅच पॅनल (रॅकमधली जॅकची पट्टी) हवेत. अर्थिंग नसलेली शील्ड अँटेनासारखी गोंगाट गोळा करत बसते.

घराबाहेरून केबल न्यायची असेल तर आतली पांढरी-राखाडी पीव्हीसीची केबल वापरू नका. उन्हानं जॅकेट कडक होतं, भेगा पडतात, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात पाणी आत शिरतं. पाणी आत गेलं की तारांभोवतीचं माध्यमच बदलतं, केबल वरून ठणठणीत दिसते आणि वेग ढासळतो. बाहेरसाठी काळ्या पॉलिइथिलीन जॅकेटची केबल मिळते, शक्य तर जेल भरलेली. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, भोकातून आत जात नाही. आणि दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याच्या नादी न लागता फायबर टाका. विजा कडाडतात तेव्हा दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक तांब्याच्या तारेतून थेट स्विचमध्ये येतो.

शंभर मीटरचा हिशेब

मानकातले १०० मीटर म्हणजे भिंतीतली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. पॅच कॉर्डमध्ये तारा बारीक सुतांच्या असतात, लवचीक असतात पण सिग्नल जास्त खातात, म्हणून त्यांची मुभा कमी. नकाशावर अंतर मोजून केबल मागवू नका. भिंतीवर चढणं, छतावरून जाणं, परत उतरणं, टोकांना थोडी जादा ठेवणं यात सहज दहा-बारा मीटर जातात.

आणि हे ९० मीटर २० अंश तापमानाला धरलेले आहेत. तांबं तापलं की रोध वाढतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालून केबल नेली तर तिथलं तापमान ६०च्या आसपास जाऊ शकतं, आणि तेव्हा यूटीपीसाठी ९० ऐवजी सुमारे ७५ मीटरच धरावे लागतात. अशा ठिकाणी मधे एक स्विच टाकायची जागा आधीच ठरवा.

ओढताना फार जोर लावायचा नाही. मानकातली मर्यादा ११० न्यूटन आहे, म्हणजे अकरा किलो वजन टांगल्याइतकी. पाइपातून केबल ओढायच्या स्प्रिंगला ती बांधून दोघांनी मिळून हिसके दिले की पीळ ताणला जातो आणि वरून काही दिसत नाही. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा तंग नको, कॅट-६ला साधारण एक इंच. प्लॅस्टिकचे टाय कचकचून आवळू नका, टायखाली केबल फिरली पाहिजे. विजेच्या वायरच्या पाइपात ही केबल कधीच घालायची नाही, आणि वाट ओलांडावीच लागली तर काटकोनात.

टोक लावणं

कनेक्टर असा धरा की क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर, आणि केबल तुमच्या बाजूनं आत जाईल. डावीकडून क्रम असा, बी पद्धतीनं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए पद्धतीत नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते. दोन्ही चालतात, पण एका इमारतीत एकच पद्धत.

हिरव्या जोडीच्या मधे निळी का घुसवली, हा प्रश्न प्रत्येक नव्या मुलाला पडतो. एका कार्यालयात मला बोलावलं होतं, तिथे आधीच्या कारागिरानं सगळे रंग ओळीनं नीटनेटके लावले होते: हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा, दोन्ही टोकांना तसंच. आठ दिव्यांच्या टेस्टरवर सगळे दिवे क्रमानं लागत होते. पण लांबच्या टेबलांवर फाइल उघडायला मिनिटं लागायची. कारण यंत्राच्या दृष्टीनं तीन आणि सहा नंबरची पिन ही एक जोडी आहे. ओळीनं रंग लावले की तिसऱ्या पिनवर पांढरा-हिरवा येतो आणि सहाव्यावर निळा. या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. सिग्नल दोन वेगळ्या जोड्यांमध्ये विभागला गेला आणि पिळाचा सगळा फायदा गेला. याला स्प्लिट पेअर म्हणतात. दिव्यांचा टेस्टर फक्त तार इकडून तिकडे जोडली आहे का ते बघतो. ती कुणाबरोबर पिळलेली आहे ते त्याला दिसत नाही. आम्ही सगळी टोकं कापून पुन्हा लावली. केबलला हातही लावला नाही, आणि नेटवर्क सुधारलं.

पीळ टोकाला १३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. तारा सरळ करायला सोपं जावं म्हणून दोन-दोन इंच उलगडणारे हात मी पाहिले आहेत. तेवढ्यात कॅट-६ची कॅट-५ई होते. जॅकेट कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे. बाहेर नुसत्या रंगीत तारा दिसत असतील तर कापा आणि परत करा. कॅट-६च्या जाड तारांना कॅट-६चेच कनेक्टर लागतात, आणि भिंतीतल्या सलग तारेच्या केबलला शक्यतो कनेक्टर न लावता आयओ बॉक्समध्ये (भिंतीवरच्या सॉकेटच्या डब्यात) जॅक पंच करा, म्हणजे त्याच्या खाचांत तारा दाबून बसवा, बाहेर तयार पॅच कॉर्ड वापरा.

तपासणी

टेस्टरनंतर संगणक जोडा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग वाचा. १००० हवा. १०० दिसला तर बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार बसलेली नाही, कारण शंभरला त्या दोन जोड्या लागतच नाहीत. मग दोन-चार जीबीची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर कॉपी करून बघा. वेग मधेच पडत-चढत असेल तर टोकं पुन्हा तपासा. काम पन्नास-साठ पॉइंटचं असेल तर सर्टिफायर (केबल श्रेणीच्या कसोटीला उतरते का ते मोजणारं यंत्र) असलेल्या माणसाला बोलवा. ते यंत्र महाग आहे, विकत घ्यायची गरज नाही. पण प्रत्येक पॉइंटचा लांबी, क्रॉसटॉक आणि सिग्नलच्या घटीचा छापील अहवाल मिळतो, आणि स्प्लिट पेअर तिथे लपत नाही.

शेवटी दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा, आणि वहीत त्या नंबरापुढे जॅकेटवरचे दोन्ही टोकांचे आकडे लिहा. त्यांच्या वजाबाकीतून धावेची खरी लांबी निघते, भिंत न फोडता. उरलेल्या केबलच्या टोकावरचा आकडा खोक्यावर मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या कामाला किती केबल हातात आहे ते तिथल्या तिथे कळतं.